रात्री आठनंतरची शाळा

मार्च-एप्रिल आला की नाशिकच्या अंबडमध्ये एक वाक्य कानावर पडतंच. "यंदा आठवीला बोर्डिंगला टाकतोय." एमआयडीसीतल्या फिटरच्या घरात, सिडकोच्या दोन खोल्यांत, पाथर्डी फाट्याच्या नव्या फ्लॅटमध्ये. पगार वेगवेगळे, वाक्य एकच.

कारण विचारा. मोबाईल सुटत नाही. संगत बिघडली. आम्ही दोघं कामावर, पोराकडे बघणार कोण? तिकडे शिस्त तरी लागेल.

कारणं खोटी नाहीत. पण यात अभ्यास कुठे आला?

शाळेचं म्हणाल तर उत्तमनगर, पवननगर, त्रिमूर्ती चौक या पट्ट्यात शाळांना तोटा नाही. महापालिकेची आहे, संस्थेची आहे, इंग्रजी माध्यमाच्या तर बऱ्याच. पोर पायी जाऊन पायी परत येईल एवढ्या अंतरावर. तरी त्याला घाट ओलांडून कुठेतरी नेऊन ठेवायचं.

एकेकाळी शाळा लांब होती, म्हणून पोराला तिच्याजवळ नेऊन ठेवत. आता शाळा जवळ आहे आणि पोराला घरापासून लांब ठेवायचं आहे.

बोर्डिंगचं काम बदललं ते इथे.

जरा मागे जाऊ. १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. एकामागून एक जातीजमातींची वसतिगृहं उभी राहिली. का? कारण हायस्कूल आणि कॉलेज शहरात होतं, हुशार पोरं खेड्यात होती आणि शहरातला एकही घरमालक त्यांना खोली द्यायला तयार नव्हता. जेवायला पानावर बसवणं तर दूरच.

त्या काळी जागा मिळाली की शिक्षण मिळायचं. बोर्डिंग म्हणजे शिक्षणाचं दार होतं.

नाशिकनेही हे ओळखलं. मराठा विद्या प्रसारक समाज, म्हणजे मविप्र, १९१४ चा. संस्थेच्या मुळाशी वसतिगृह आहे, धारच्या उदाजीराव महाराज पवारांच्या नावाचं. त्याच्या इमारतीची कोनशिला बसवायला १९२० च्या एप्रिलमध्ये खुद्द शाहू महाराज नाशिकला आले होते. शेतकऱ्याच्या पोराला रात्री अंग टाकायला चार भिंती मिळाव्यात, यासाठी एक राजा कोल्हापूरहून आला.

आज गंगापूर रोडला पंपिंग स्टेशनजवळ जा. मविप्रच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पत्त्यात अजून लिहिलेलं असतं, उदोजी मराठा बोर्डिंग कॅम्पस. रोज शेकडो मुलं तो पत्ता फॉर्मवर लिहितात. त्यातल्या किती जणांना कुणी सांगितलंय की आपण शिकतो ते या शब्दाच्या पुण्याईवर?

डोंगरे वसतिगृहाचं मैदान तर साऱ्या नाशिकला ठाऊक. तिथे प्रदर्शनं भरतात, सभा गाजतात. मैदान सगळ्यांच्या तोंडी आहे. वसतिगृहाची चौकशी कुणी करत नाही.

साताऱ्याची गोष्ट वेगळी नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नामकरण झालं. पैसा नव्हता. बायांनी रोज दळताना एक मूठ धान्य बाजूला काढलं. मुष्टिफंड त्याचं नाव.

आणि एकदा तीही मूठ पुरेना. तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले. शेवटी गळ्यातलं मंगळसूत्रही.

ही गोष्ट आपण भाषणात सांगतो, टाळ्या घेतो आणि तिच्यातला धडा विसरतो. त्या बोर्डिंगमध्ये रात्री एक बाई होती. कोणत्या पोराला ताप आहे, कोण घरच्या आठवणीने उशीत तोंड खुपसून रडतंय, हे तिला ठाऊक होतं. इमारत साधी होती, पण रात्री कुणीतरी आपलं माणूस होतं.

वसतिगृहाचं बरं-वाईट मोजायला दुसरं माप मला सापडत नाही. रात्री तिथे कोण असतं?

हे माप घेऊन आजची बोर्डिंगं बघू.

पहिलं गिऱ्हाईक शिस्तीचं. पोरगा ऐकत नाही, उलटून बोलतो, घाला सैनिकी शाळेत. साताऱ्याचं सैनिक स्कूल २३ जून १९६१ ला सुरू झालं, देशातलं पहिलं. हेतू स्पष्ट होता: राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी मुलं घडवायची. तिथे प्रवेश परीक्षा देऊन जावं लागतं. ते सुधारगृह कधीच नव्हतं.

पण 'सैनिकी' ही पाटी बघितली की पालकांना वाटतं, इथे पोर सरळ होतं. पहाटे पाचची शिट्टी, पीटी, बूट पॉलिश. पंधराव्या वर्षी उलटून बोलणारं पोर आजारी नसतं, वाढत असतं. त्याच्याशी वाद घालायला घरात माणूस लागतो. तो वाद शिट्टीला सोपवून बाप मोकळा होतो.

पोर गप्प होतं. सुधारलं असं आपण म्हणतो.

दुसरं गिऱ्हाईक मोबाईलचं. बोर्डिंगमध्ये मोबाईल काढून घेतात, हे खरं. उन्हाळ्याच्या सुट्टीत परत देतात, हेही खरं. दहा महिने बंद आणि दोन महिने रात्रंदिवस चालू, याला सवय मोडणं म्हणत नाहीत. आणि घरात जेवताना ज्या दोन मोठ्या माणसांच्या हातात मोबाईल असतो, त्यांना कोणत्या बोर्डिंगला घालायचं?

तिसरं गिऱ्हाईक रँकचं. हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात केविलवाणं.

आठवीपासून फाउंडेशन बॅच. अकरावीला नावापुरतं कॉलेज, बाकी सगळा क्लास. क्लासच्या वरच्या मजल्यावर खोल्या, खाली मेस. लातूरने पॅटर्न दिला, कोटाने कारखाना केला आणि आता गंगापूर रोड, कॉलेज रोडही त्याच वाटेने चाललेत. नुसत्या हजेरीपुरतं कॉलेज चालतं म्हणून २०१८ मध्ये राज्य सरकारने विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. नाशिक विभागही त्यात होता. यंत्रं बसली. पोरं होती तिथेच राहिली.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलाला कोचिंगमध्ये घ्यायचं नाही. चांगला नियम. पण कोचिंगवर शाळेची पाटी लावून वसतिगृह जोडलं, की तेरा वर्षांचं पोर पुन्हा त्याच बाकावर. वेळापत्रक क्लासचं, ताण क्लासचा, कागदावर मात्र निवासी विद्यालय.

कोटात २०२३ या एका वर्षात दोन डझनांहून जास्त मुलांनी जीव दिला. प्रशासनाने काय केलं? वसतिगृहातल्या पंख्यांना स्प्रिंग बसवायला सांगितल्या. स्प्रिंगने एखादं पोर वाचलं असेल तर ती हजारदा बसवा. पण ज्या रात्री ते पोर पंख्याकडे बघत होतं, त्या रात्री त्या मजल्यावर एक तरी मोठं माणूस जागं होतं का?

चौथं गिऱ्हाईक प्रतिष्ठेचं. यांच्यावर शब्द खर्च करत नाही. घोडेस्वारी, जलतरण तलाव, वातानुकूलित खोल्या. ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल पाठवावं. पण त्या जाहिरातीचं चित्र बघून एमआयडीसीतला कामगार जेव्हा पतपेढीचं कर्ज काढतो, तेव्हा मात्र पोटात तुटतं. शंभर पोरांमागे एक वॉर्डन असलेल्या तिसऱ्या दर्जाच्या निवासी शाळेला तो पहिल्या दर्जाचे पैसे मोजतो.

त्याला फसवणारा आपल्याला दिसतो. त्याला हतबल करणारं गाव आपल्याला दिसत नाही.

कारण त्याची अडचण खरी आहे. अंबडमध्ये तीन पाळ्या चालतात. बाप दुसऱ्या पाळीला, आई पॅकिंगला नाहीतर चार घरच्या कामाला. पोर शाळेतून येतं तेव्हा घराला कुलूप. संध्याकाळी पाच ते नऊ हा त्याचा वेळ कुणाचा? ज्याला तो हवा असतो तो चौकात उभाच असतो. बाईकवर बसवतो, वडापाव चारतो, पुढे कोयताही हातात देतो. मग पोलीस ठाण्याच्या बातमीत 'अल्पवयीन' म्हणून त्याची पहिली नोंद होते.

बापाला हे दिसतं. तो घाबरतो. घाबरलेल्या बापाला शिव्या घालून काय होणार?

प्रश्न चार तासांचा आहे. उत्तर म्हणून आपण त्याला पाच वर्षांसाठी घराबाहेर काढतो.

चार तासांचं उत्तर अंबडमध्येच आहे. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी कुलूपबंद असतात. वर्ग आहेत, दिवे आहेत, मैदान आहे. ती कुलपं नऊपर्यंत उघडी ठेवा. एक अभ्यासिका, एक खेळाचा शिक्षक, एक प्लेट गरम नाश्ता. पैसा? कंपनी कायदा २०१३ चा आहे. ठरावीक नफा कमावणाऱ्या कंपनीला नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चावे लागतात. औद्योगिक वसाहतीत अशा कंपन्या नाहीत असं कोण म्हणेल? ज्या कामगाराच्या पाळीवर नफा उभा आहे, त्याच्या पोराची संध्याकाळ सांभाळण्याहून जवळचं समाजकार्य कोणतं?

झाडं लावा, जरूर लावा. आधी पोरं जगवा.

आता दुसरी बाजू. हिच्याकडे बघायला नाशिकला सवड नाही, आणि जीव तुटतो तो इथेच.

आजही या जिल्ह्यात अशी पोरं आहेत ज्यांना वसतिगृहाशिवाय शाळा नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी. डोंगरावर चार-दोन घरांचा पाडा, पावसाळ्यात तुटणारा रस्ता, दिवाळीनंतर द्राक्षबागांत, वीटभट्टीवर, बांधकामावर निघालेले आईबाप. १९०१ सालचं कारण इथे अजून जसंच्या तसं उभं आहे.

हेही नाशिकने पूर्वीच ओळखलं होतं. १९३७ साल बघा. त्या वर्षी डॉ. बा. शि. मुंजे यांनी इथे भोसला मिलिटरी स्कूल काढलं. त्याच वर्षी दादासाहेब बिडकरांनी आदिवासी मुलांसाठी डांग सेवा मंडळ काढलं. आणि देवळालीत १९२५ पासून बार्न्स स्कूल होतंच, अँग्लो-इंडियन आणि युरोपीय मुलांचं. एका गावाच्या परिसरात तीन तऱ्हेची बोर्डिंगं. पटोत न पटोत, प्रत्येकाला ठाऊक होतं आपण कुणासाठी आहोत.

आदिवासी मुलांच्या निवासी शाळांची मोठी जबाबदारी पुढे सरकारने घेतली. राज्यात आज जवळपास पाचशे शासकीय आश्रमशाळा, साडेपाचशेच्या घरात अनुदानित. काही लाख मुलं. आणि हा सारा कारभार जिथून चालतो ते आदिवासी विकास आयुक्तालय कुठे आहे? मुंबईत नाही, पुण्यात नाही. नाशिकमध्ये, गडकरी चौकाजवळ.

महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं बोर्डिंग आपल्या गावातून चालतं. आपल्याला त्याची बातमी कळते ती रस्ता बंद झाला तर.

२०२५ च्या जुलैत तशी ती कळली. आश्रमशाळांमधल्या रोजंदारी आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षक-कर्मचाऱ्यांनी आयुक्तालयासमोर बिऱ्हाड मांडलं. १,७९१ पदं बाह्यस्रोतातून, म्हणजे ठेकेदारामार्फत भरायचं सरकारने ठरवलं होतं. वर्षानुवर्षं शिकवणारी माणसं पावसात फूटपाथवर बसली. गाड्यांतून जाणाऱ्यांची तक्रार वाहतुकीची होती.

गणित शिकवणारा ठेक्यावर. उद्या रात्री ताप मोजणाराही ठेक्यावर?

ठेकेदार बदलला की माणूस बदलतो. निवासी शाळेत मुलाला वर्षागणिक नवं पुस्तक चालतं, वर्षागणिक नवा पालक चालत नाही. सुरगाण्याहून आलेलं सहावीतलं पोर पहिल्यांदा घर सोडतं तेव्हा त्याला घरची कोकणा बोली कळते, मराठी जेमतेम. त्याला ओळखीचा एक चेहरा हवा असतो. तो चेहराच निविदेत काढला.

पुढे काय होतं हे महाराष्ट्राने पाहिलंय. आश्रमशाळांतल्या मुलांचे मृत्यू एवढे वाढले की २०१६ मध्ये माजी आरोग्य संचालक डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमावी लागली. साप चावतो, ताप अंगावर काढला जातो, पोर विहिरीत पडतं. ही कारणं वाचा. बहुतेकांत एक गोष्ट समान असते: वेळेवर मोठं माणूस जवळ नव्हतं. त्याच वर्षी बुलडाणा जिल्ह्यातल्या पाळा इथल्या आश्रमशाळेचं प्रकरण बाहेर आलं. लहान मुलींवर अत्याचार, तेही शाळेतल्याच माणसाकडून.

मग सीसीटीव्ही बसवायचे आदेश निघतात. बसवा. पण कॅमेऱ्याला पोरीच्या कपाळावर हात ठेवता येत नाही. आणि वीज गेली की तोही झोपतो.

महिला अधीक्षिका हवी, नर्स हवी, रात्रीचा पहारेकरी हवा. या तिन्ही जागांवर सगळीकडे माणसं का नाहीत?

जेवणाचंही तसंच. इगतपुरी तालुक्यात मुंढेगावला मध्यवर्ती स्वयंपाकघर उभं राहिलं. मोठी भांडी, स्वच्छ ओटे, तिथून गाड्या भरून आश्रमशाळांना जेवण. स्वच्छतेचा विचार चांगला. पण रात्री पुन्हा भूक लागलेल्या चौदा वर्षांच्या पोराने पोळी मागायची कुणाकडे? गाडी तर गेली.

शहरातल्या वसतिगृहांत आणखी पुढची मजल. २०१८ मध्ये सरकारने आदिवासी वसतिगृहांतल्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे थेट मुलांच्या खात्यात टाकायचं ठरवलं. पोरं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. त्यांची मागणी काय होती? पैसे नकोत, ताट द्या. कारण पैसे महिनोन्‌महिने थकतात हे त्यांना पाठ होतं.

सतरा वर्षांच्या पोराला हिशेब कळला होता. मंत्रालयाला कळला नाही.

आता नवीन टूम. वीसपेक्षा कमी पट असलेल्या गावशाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या. सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक. आदर्श म्हणून पुढे केलं ते पुण्याजवळचं पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ. तोरणमाळला तर निवासीच व्यवस्था. म्हणजे आधी पाड्यावरची शाळा मोडायची, मग सहा-सात वर्षांच्या पोरांसाठी बोर्डिंग बांधायचं.

शाहू महाराजांनी शाळा नव्हती म्हणून वसतिगृह बांधलं. आपण वसतिगृह भरावं म्हणून शाळा बंद करणार आहोत का?

चीनने हे करून पाहिलं. २००१ पासून खेड्यातल्या शाळा धडाधड एकत्र केल्या, लहान मुलं बोर्डिंगात कोंबली. २०१२ मध्ये त्यांच्याच सरकारला ही मोहीम थांबवायला सांगावं लागलं. अकरा वर्षांचा त्यांचा अनुभव आयता समोर आहे. तो फुकट मिळतोय, तरी आपल्याला घ्यायचा नाही.

परदेश कशाला, आपल्या जिल्ह्यातलं बघा. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची शाळा बंद करून मुलांना दुसऱ्या गावात धाडायचं ठरलं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ती मुलं बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर चालत आली. मागणी होती, दप्तर घ्या, बकऱ्या द्या. शाळा देत नसाल तर बकऱ्या तरी द्या, त्या वळू.

त्याच वर्षी त्याच तालुक्यात उभाडे इथल्या कातकरी वस्तीतली पोरं मेंढ्या वळायला विकली गेल्याचं उघड झालं. थोडे पैसे आणि एक मेंढी, हा एका मुलाचा भाव. एक मुलगी त्यात जिवानिशी गेली. या पोरांसाठीच तर आश्रमशाळा होती. ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही, मेंढ्यांचा मालक पोचला.

अंबडच्या पोराला नको असताना बोर्डिंग. उभाड्याच्या पोराला हवं असताना नाही.

निवासी शाळेचा आणखी एक धोका सांगायला हवा. कॅनडाने आदिवासींची दीड लाखाहून जास्त मुलं घरातून उचलून निवासी शाळांत घातली. हेतू काय? त्यांची भाषा आणि रीत विसरायला लावायची. २०१५ मध्ये सत्यशोधन आयोगाने त्याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. आपल्या आश्रमशाळा त्या हेतूने निघालेल्या नाहीत, हे ठामपणे सांगतो. पण पोर आश्रमशाळेतून घरी आलं आणि आजीशी बोलताना लाजू लागलं, तर हेतू चांगला असून काय उपयोग?

आणि केंद्राच्या एकलव्य निवासी शाळांची शिक्षकभरती तर थेट देशपातळीवर. मुलाची बोली न कळणारा शिक्षक फळ्यावर लिहील. रात्री त्याच्याशी बोलेल कसा?

'हे जमतच नाही' म्हणणाऱ्यांसाठी एक उत्तर जवळच आहे. दिंडोरी तालुक्यात खेडगावला जवाहर नवोदय विद्यालय आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून देशभर पसरलेली ही साखळी. सुरुवात झज्जर आणि आपल्या अमरावतीतून झाली. तीन चतुर्थांश जागा खेड्यातल्या मुलांना. सहावीपासून बारावीपर्यंत. नववीत काही मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यात जातात. आणि मुख्य गोष्ट: शिक्षक आवारातच राहतात, प्रत्येक हाउसला जबाबदार शिक्षक नेमलेला असतो.

म्हणजे सरकारी पैशात, सरकारी शिक्षकांकडून, शेतकऱ्याच्या पोराला चांगलं बोर्डिंग देता येतं. फक्त तिथे हुशार पोरं निवडून घेतात. न निवडलेल्या पोराला चांगला अधीक्षक का मिळू नये?

मुलींबद्दल बोलल्याशिवाय हा विषय संपत नाही. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला तेव्हा पुणं खवळलं होतं. आजही सातवी झाली, गावात पुढची शाळा नाही, रस्त्यात टवाळखोर, मग घरीच बसव आणि स्थळ बघ, हे चक्र थांबलेलं नाही. अशा मुलीसाठी वसतिगृहातली एक खाट म्हणजे लग्न पाच वर्षं पुढे ढकलणं. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं २००४ मध्ये याचसाठी आली.

नाशिकचं ताजं उदाहरणही आहे. २०२३ पासून इथे मुलींची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू झाली. मुलांची अशी संस्था तेव्हाच्या औरंगाबादला १९७७ पासून होती. मुलींना सेहेचाळीस वर्षं थांबावं लागलं.

खाट आहे, तर संधी आहे. मुलांच्या बाबतीत ही गोष्ट १९०१ मध्ये कळली, मुलींच्या बाबतीत अजून समजावून सांगावी लागते.

तर मग बोर्डिंग हवं की नको? प्रश्नच चुकीचा आहे. कुणाला हवं, हे विचारा. गावात शाळा नाही, आईबाप सहा महिने परमुलखात, घरात मारहाण, मुलीच्या लग्नाची घाई, या पोराला बोर्डिंग द्या आणि पहिल्या दर्जाचं द्या. ज्याच्या घरात आईबाप आहेत आणि शाळा हाकेच्या अंतरावर आहे, त्याला घरी ठेवा. रोज भांडेल. भांडू द्या. पंधराव्या वर्षी ज्याच्याशी कुणी भांडलं नाही, ते पोर विसाव्या वर्षी बोलायला येत नाही.

सरकारला एवढंच सांगणं. आश्रमशाळेची तपासणी दिवसा करू नका. दिवसा सगळीकडे रांगोळी असते. अधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा तिथे मुक्काम करावा, मुलांच्या ताटात जेवावं, मुलांच्या खोलीशेजारी झोपावं. अधीक्षक, अधीक्षिका आणि नर्स ही तीन पदं ठेक्यावर देऊ नयेत. बाकी काय काटकसर करायची ती करा.

आणि अंबडकरांना. प्रवेशाला जाल तेव्हा सकाळी अकराला जाऊ नका. तेव्हा मुख्याध्यापक भेटतात, माहितीपत्रक भेटतं, चहा भेटतो. रात्री आठला जा. मुलांच्या मजल्यावर कोण आहे ते बघा. नाव विचारा, किती वर्षं इथे आहात विचारा, किती मुलं सांभाळता विचारा, आणि त्यातल्या तीन मुलांची नावं सांगायला सांगा.

सांगितली, तर फी भरा. नाही सांगता आली, तर पोराला मागच्या सीटवर बसवा आणि घरी परत आणा.